गावाबाहेर असताना दवाखान्याची वेळ आली तर? आरोग्य विम्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चारधामला निघालेले आईवडील, बंगळुरूला मुलीकडे राहायला गेलेली आजी, गोव्याला सुट्टीसाठी गेलेले चौकोनी कुटुंब, लातूरहून पुण्याला ऑपरेशनसाठी आलेले काका, या सगळ्यांच्या मनात एकच धास्ती असते: आपला विमा इथे चालेल ना? खालचे प्रश्न लोक खरोखर विचारतात ते आहेत. उत्तरे सर्वसाधारण नियमांवर बेतलेली आहेत. तुमच्या पॉलिसीची शब्दरचना वेगळी असेल, तर तिचेच ऐकायचे.

माझा मेडिक्लेम महाराष्ट्राबाहेर चालतो का?

हो. भारतात विकल्या जाणाऱ्या वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम) आरोग्य पॉलिसी साधारणपणे संपूर्ण भारतात लागू असतात. पॉलिसी सांगलीत काढली म्हणून ती वाराणसीत चालणार नाही, असे होत नाही. त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही की प्रवासाआधी कंपनीला कळवावे लागत नाही.

परगावी क्लेम अडतो त्याची कारणे दुसरीच असतात. हॉस्पिटल नेटवर्कमध्ये, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या हॉस्पिटलांत, नसते, दाखल झाल्याची खबर कंपनीला वेळेत दिलेली नसते, शहराच्या झोननुसार पैसे कापले जातात किंवा परत येताना अर्धे कागद तिथेच राहतात. यातल्या बऱ्याच गोष्टी निघण्यापूर्वी अर्ध्या तासात सांभाळता येतात.

झोन म्हणजे काय? आई-वडील लातूरला, ऑपरेशन पुण्या-मुंबईत. पैसे कापले जातील का?

जातील, जर पॉलिसी झोननुसार असेल तर. उपचारांचा खर्च शहरागणिक बदलतो म्हणून काही कंपन्या देशाचे दोन-तीन झोन करतात. मुंबई, ठाणे, दिल्ली परिसर बहुधा सर्वांत महागड्या झोनमध्ये असतो. लहान शहरांचा हप्ता कमी ठेवतात, आणि त्या बदल्यात अट घालतात की महागड्या झोनमध्ये उपचार घेतले तर मंजूर बिलाचा ठरावीक हिस्सा, अनेकदा १० ते २० टक्के, तुम्ही भरायचा. यालाच को-पे म्हणतात. चार लाखांचे बिल मंजूर झाले आणि को-पे २० टक्के असला, तर ८० हजार खिशातून जातात.

मराठवाडा, विदर्भ, खानदेशातल्या कुटुंबांनी हे कलम सर्वांत आधी वाचावे, कारण मोठे आजारपण आले की आपण पुणे, मुंबई, नागपूर गाठतोच. हप्त्यात दरवर्षी वाचणारे दीड-दोन हजार अशा एका ऑपरेशनमध्ये निघून जातात. माझे मत स्पष्ट आहे: मोठ्या शहरात उपचार घेण्याची शक्यता असेल तर नूतनीकरणाच्या वेळी वरचा झोन घ्या किंवा झोन नसलेली पॉलिसी निवडा. अपघात किंवा आणीबाणीत हा को-पे माफ करणाऱ्या पॉलिसीही आहेत, तेही विचारून घ्या.

आणखी एक: पैसे वाचवण्यासाठी पुण्यात राहणाऱ्याने गावाचा पत्ता लावू नये. क्लेमच्या वेळी आधार, वीजबिल, हॉस्पिटलचा केसपेपर यांवर वेगवेगळे पत्ते दिसले की प्रश्न सुरू होतात.

खोलीभाड्याच्या मर्यादेचा परगावी काय संबंध?

मोठा संबंध आहे. जुन्या पॉलिसींत खोलीभाडे विमा रकमेच्या १ टक्का प्रतिदिन असे बांधलेले असते. ३ लाखांच्या पॉलिसीत ते ३,००० रुपये होते. गावाकडच्या हॉस्पिटलात त्यात बरी खोली मिळते, मुंबईत मिळणे कठीण. आणि मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर फक्त भाड्यातला फरक कापून कंपनी थांबत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचे शुल्क असे जोडखर्चही त्याच प्रमाणात कमी केले जातात. औषधे, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचे शुल्क मात्र या प्रमाणशीर कपातीतून वगळलेले आहे. बिलात त्यांनाही कात्री लावलेली दिसली तर जरूर हरकत घ्या.

निघण्यापूर्वी नेमके काय करायचे?

कंपनीच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर, जिथे मुक्काम आहे त्या शहरांतल्या नेटवर्क हॉस्पिटलांची नावे पाहा आणि दोन-तीन लिहून ठेवा. यादी जुनी असू शकते, म्हणून त्यातल्या एकाला फोन करून "या कंपनीचे कॅशलेस चालू आहे का?" असे विचारा. कॅशलेस म्हणजे मंजूर बिल कंपनी थेट हॉस्पिटलला देते. हेल्थ कार्ड, आधार आणि पॅनचे फोटो सोबतच्या किमान दोघांच्या फोनमध्ये असू द्या. आजारी माणसाच्याच लॉक असलेल्या फोनमध्ये सगळे अडकले तर उपयोग शून्य. बीपी, शुगर, हृदयविकार असेल तर चालू औषधांची चिठ्ठी आणि शेवटचा ईसीजी किंवा रिपोर्ट बॅगेत ठेवा. तो क्लेमला उपयोगी पडतोच, पण त्याआधी अनोळखी डॉक्टरला उपयोगी पडतो.

अचानक ॲडमिट करावे लागले. पहिल्या काही तासांत काय करायचे?

आधी पेशंट. जीव धोक्यात असेल तर नेटवर्क शोधत फिरू नका, जवळच्या सुसज्ज हॉस्पिटलात जा. १०८ किंवा ११२ लावा.

पेशंट डॉक्टरांच्या हाती दिला की घरातल्या एकाने फक्त विम्याचे काम हातात घ्यावे. हॉस्पिटल नेटवर्कमध्ये असेल तर तिथल्या इन्शुरन्स किंवा टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) डेस्कवर हेल्थ कार्ड आणि ओळखपत्र द्या. ते प्री-ऑथचा, म्हणजे पूर्वमंजुरीचा, फॉर्म भरून कंपनीकडे पाठवतात. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा आहे. डिस्चार्जच्या वेळचे अंतिम बिल तीन तासांत मंजूर करायचे आहे, आणि कंपनीच्या उशिरामुळे हॉस्पिटलने जादा आकारणी केली तर ती कंपनीनेच सोसायची आहे. हे आकडे लक्षात ठेवा. डेस्कवरचा माणूस "उद्या बघू" म्हणाला तर विनंती कंपनीकडे किती वाजता गेली ते विचारा आणि कंपनीच्या हेल्पलाइनवर स्वतः फोन करा.

हॉस्पिटल नेटवर्कमध्ये नसले तरी कॅशलेस मिळू शकते. सर्वसाधारण विमा परिषदेने २५ जानेवारी २०२४ पासून 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' ही सोय सुरू केली. ठरवून घ्यायच्या उपचारांसाठी ४८ तास आधी आणि आणीबाणीत दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीला कळवायचे असते. पण त्यासाठी हॉस्पिटलनेही तयारी दाखवावी लागते, आणि लहान गावातले हॉस्पिटल अनेकदा नाहीच म्हणते. तेव्हा या सोयीची चौकशी जरूर करा, पण तिच्या भरवशावर रिकाम्या खिशाने प्रवासाला निघू नका.

खबर देणे मात्र कधीही टाळू नका. फोन केला असेल तर इंटिमेशन नंबर (खबर दिल्याचा नोंद क्रमांक) मागून घ्या, शक्य असल्यास ईमेलही करा. पुष्कळ पॉलिसींत आणीबाणीसाठी २४ तासांचीच मुदत असते.

कॅशलेस नाकारले. म्हणजे क्लेम गेला का?

नाही. कॅशलेस नाकारणे म्हणजे "आत्ता आम्ही थेट हॉस्पिटलला पैसे देणार नाही" एवढेच. उपचार पूर्ण करा, बिल भरा आणि सगळ्या कागदांसह पैसे परत मिळवण्यासाठी क्लेम करा. नकाराचे पत्र जपून ठेवा. त्यात लिहिलेले कारण पुढे महत्त्वाचे ठरते. परगावी, रात्री, अपुऱ्या माहितीवर पाठवलेली विनंती नाकारली जाते आणि नंतर पूर्ण कागदपत्रांवर तोच क्लेम मंजूर होतो, हे नेहमी घडते.

यात्रेच्या वाटेवरच्या छोट्या दवाखान्यात उपचार घेतले. चालेल का?

दोन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली म्हणजे तो दवाखाना विम्याच्या व्याख्येत 'हॉस्पिटल' आहे का. एक तर त्याची रीतसर नोंदणी हवी. नोंदणी नसेल तर दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० खाटा, इतरत्र १५ खाटा, चोवीस तास प्रशिक्षित नर्स आणि डॉक्टर, सुसज्ज ऑपरेशन थिएटर आणि रोजच्या नोंदी, असे निकष आहेत. म्हणून बिलावर नोंदणी क्रमांक छापलेला आहे का ते तिथेच पाहा. घरी आल्यावर उत्तराखंडातल्या दवाखान्याकडून नोंदणीचा कागद मागवणे फार जिकिरीचे होते.

दुसरी गोष्ट, किमान २४ तास दाखल असणे. मोतीबिंदू, डायलिसिससारखे डे-केअर, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडण्याजोगे, उपचार याला अपवाद आहेत. बाहेरचे खाऊन उलट्या-जुलाब झाले, दुपारी सलाइन लावले आणि रात्री सोडले, तर पॉलिसीत ओपीडीचा (दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा) लाभ नसल्यास हा खर्च मिळत नाही. तसेच केवळ तपासण्या करण्यासाठी दाखल केले असे डिस्चार्ज कार्डावरून दिसले, तर तो क्लेमही नाकारला जातो. कोणते उपचार दिले हे त्या कार्डावर स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

आई-बाबा चारधामला निघालेत. विम्याच्या दृष्टीने काय बघायचे?

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो आणि याचे उत्तर घाईत देऊ नये असे मला वाटते. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर आहे. बाकीची तीनही धामे ३,००० मीटरच्या वर आहेत. समुद्रसपाटीजवळच्या मुंबईतून किंवा कोकणातून गेलेल्या साठीच्या माणसाला तिथल्या विरळ हवेत हृदयाचा आणि श्वासाचा त्रास होण्याची शक्यता असते. हा आजार आहे आणि दाखल व्हावे लागले तर पॉलिसी त्याला लागू पडते. उंचीवर गेलात म्हणून आपोआप नाकारता येत नाही.

अडचण असते ती वाहतुकीची. बहुतेक पॉलिसींत रुग्णवाहिकेचा खर्च एका दाखल होण्यामागे ठरावीक रकमेपर्यंतच मिळतो, आणि तोही हॉस्पिटलात नेण्यासाठी. हेलिकॉप्टर किंवा एअर ॲम्ब्युलन्स सगळ्या पॉलिसींत नसते. जिथे असते तिथे तिची वेगळी मर्यादा असते, डॉक्टरांची लेखी गरज लागते आणि बहुधा कंपनीची पूर्वपरवानगीही. आणि "इथे करमत नाही, नाशिकला घरी नेऊ" म्हणून हरिद्वारहून कार्डियाक ॲम्ब्युलन्स केली, तर तो खर्च सहसा तुमचाच. तिथल्या डॉक्टरांनी उच्च उपचारांसाठी दुसरीकडे पाठवले असेल, तर रेफरल चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नका. तिच्यामुळे दोन हॉस्पिटलांची बिले एकाच आजाराची म्हणून जोडता येतात.

यात्रा कंपनी "विमा समाविष्ट" असे छापते, तो बहुतेक वेळा अपघात विमा असतो. हृदयविकाराचा झटका हा अपघात नव्हे. प्रमाणपत्र मागा आणि त्यात आजारपणाचा खर्च लिहिलेला आहे का ते वाचा. आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून ईसीजी, बीपी तपासून घ्या. हे विम्यासाठी म्हणून सांगत नाही.

राफ्टिंग करताना किंवा तारकर्लीला स्कूबा करताना इजा झाली तर?

"साहसी खेळ वगळले आहेत" एवढेच ऐकून लोक क्लेम टाकतच नाहीत. प्रमाणित अपवादाची शब्दरचना नीट वाचा. राफ्टिंग, गिर्यारोहण, स्कूबा वगैरेंत *व्यावसायिक म्हणून* भाग घेतल्याने लागणारे उपचार वगळलेले आहेत. सुट्टीत एकदा बोटीत बसलेला पर्यटक व्यावसायिक नाही. हा क्लेम टाकावा. नाकारला तर याच शब्दावर बोट ठेवून दाद मागावी. स्वतंत्र अपघात विमा किंवा प्रवास विमा असेल तर त्याची अट वेगळी असू शकते.

केरळात पंचकर्मासाठी गेलो तर?

आजारासाठी, मान्यताप्राप्त आयुष (आयुर्वेद, योग, होमिओपॅथी वगैरे) रुग्णालयात दाखल होऊन घेतलेले उपचार मिळू शकतात. विश्रांती, ताजेतवाने होणे, स्पा, निसर्गोपचार केंद्र यांचा खर्च मिळत नाही.

आयुष्मान कार्ड आणि महात्मा फुले योजना परराज्यात चालतात का?

इथे सर्वांत जास्त गोंधळ आहे, कारण महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र राबवल्या जातात आणि लोकांना त्या एकच वाटतात.

प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, म्हणजे आयुष्मान भारत, ही २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झालेली केंद्राची योजना. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि तिचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे पोर्टेबिलिटी. योजनेत सहभागी असलेल्या कुठल्याही राज्यातल्या, योजनेशी जोडलेल्या हॉस्पिटलात कार्ड चालते. सुरतेत कामाला गेलेल्या जळगावच्या मजुराला उपचारासाठी जळगावला परतायची गरज नाही. ऊसतोडीला कर्नाटकात गेलेल्या बीडच्या कुटुंबालाही हे माहीत असायला हवे, आणि मुकादमालाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही राज्याची. ती २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली आणि आता पिवळ्या, केशरी, पांढऱ्या अशा सर्व शिधापत्रिकाधारकांना ५ लाखांपर्यंत लागू आहे. पण ती राज्य सरकारच्या पैशातून, राज्य सरकारने जोडलेल्या हॉस्पिटलांत चालते. म्हणून "मला महाराष्ट्रात फुकट उपचार मिळाले, मग हैदराबादलाही मिळतील" हे गृहीत धरू नका. आयुष्मान ॲपवर किंवा १४५५५ वर आपले नाव केंद्राच्या लाभार्थ्यांत आहे का ते तपासा. राज्याच्या योजनेची चौकशी १५५३८८ वर होते.

सत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. घरात सत्तरीपुढचे कोणी असेल आणि हे कार्ड काढले नसेल, तर ते काढायला लावा. हॉस्पिटलात पोचल्यावर आधार आणि बोटांचे ठसे जुळले नाहीत तर वेळ जातो, म्हणून ई-केवायसी घरीच उरकलेली बरी. बाह्यरुग्ण तपासणी आणि नुसती औषधे या योजनेत येत नाहीत.

सिंधुदुर्गातून बांबोळीला जाणाऱ्यांचे काय?

सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच लोक जात आले. जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झाले, त्यावर सिंधुदुर्गात मोठी नाराजीही उमटली. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना गोव्यातल्या रहिवाशांसाठी आहे, ती आपल्याला लागू नाही. बांबोळीला नेण्यापूर्वी आयुष्मान कार्ड आणि शिधापत्रिका दोन्ही सोबत घ्या आणि पोचल्यावर योजनेच्या काउंटरवर सुरुवातीलाच दाखवा. बिल भरून झाल्यावर दाखवलेल्या कार्डाचा उपयोग होत नाही.

महामार्गावर अपघात झाला आणि हाताशी पैसे नाहीत, तर?

मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना अधिसूचित केली. मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीला, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, १.५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार नियुक्त हॉस्पिटलांत मिळतात. तुमच्याकडे विमा असण्याची अट नाही. ११२ वर फोन करून जवळचे नियुक्त हॉस्पिटल विचारा. पोलिसांत नोंद होऊ द्या. ती या योजनेलाही लागते आणि पुढे मेडिक्लेमलाही.

रेल्वेच्या तिकिटासोबत ४५ पैशांचा विमा घेतला आहे. पुरेल का?

घ्या जरूर, पण तो रेल्वे अपघातापुरता आहे. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी १० लाख, इजा होऊन दाखल व्हावे लागल्यास २ लाखांपर्यंत खर्च. गाडीत छातीत दुखू लागले तर त्याचा उपयोग नाही.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम, ईएसआय, सीजीएचएस यांचे काय?

ग्रुप पॉलिसी देशभर चालते, मात्र नोकरी सुटली की त्या दिवशी ती संपते. स्वतःची पॉलिसीही असेल तर आधी कोणती वापरायची हे तुम्ही ठरवता, आणि उरलेल्या रकमेसाठी दुसऱ्या कंपनीकडे जाता येते. ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) असलेल्यांनी ई-पहचान कार्ड जवळ ठेवावे. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी आणि निवृत्तांची आरोग्य योजना) लाभार्थ्यांना आणीबाणीत कुठल्याही खासगी हॉस्पिटलात उपचार घेऊन परतावा मागता येतो, पण तो सीजीएचएसच्या दरानेच मिळतो. तफावत खूप मोठी असू शकते.

पशुपतिनाथ, मुक्तिनाथला चाललो आहोत. नेपाळमध्ये मेडिक्लेम चालतो का?

बहुतेक पॉलिसींत नाही. पासपोर्टशिवाय जाता येते म्हणून नेपाळ परदेश वाटत नाही, पण पॉलिसीतली भौगोलिक मर्यादा 'भारत' हीच असते. आयुष्मान कार्डही सीमेपलीकडे चालत नाही. वेगळा परदेश प्रवास विमा घ्या. युरोपातल्या शेंगेन व्हिसासाठी तर किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचेच आहे. ज्येष्ठांसाठी प्रवास विमा घेताना एकच प्रश्न ठासून विचारा: जुन्या आजारामुळे अचानक दाखल व्हावे लागले तर किती देणार? अनेक प्रवास विम्यांत जीवघेण्या आणीबाणीपुरतेच ते मर्यादित असते.

परत येताना हॉस्पिटलातून कोणते कागद घेऊनच निघायचे?

सही-शिक्क्याचे डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार अंतिम बिल, पैसे भरल्याच्या सगळ्या पावत्या (सुरुवातीच्या डिपॉझिटचीही), औषधांच्या चिठ्ठ्या आणि त्यांची बिले, तपासण्यांचे रिपोर्ट आणि फिल्म. स्टेंट, लेन्स किंवा प्लेट बसवली असेल तर तिचे स्टिकर. अपघात असेल तर एमएलसीची (हॉस्पिटलने पोलिसांसाठी केलेल्या नोंदीची) प्रत. इनडोअर केसपेपर, म्हणजे वॉर्डमधल्या रोजच्या नोंदी, यांच्या प्रती बहुतेक जण घेत नाहीत, आणि कंपनी नेमक्या त्याच मागते. आठशे किलोमीटरवरून त्या नंतर मिळवणे हा निव्वळ मनस्ताप आहे. प्रतींचे पैसे लागले तर द्या, पण घ्या.

डिस्चार्ज कार्डावरचे नाव, वय आणि "मधुमेह किती वर्षांपासून" ही ओळ तिथेच वाचा. घाबरलेल्या नातेवाइकाने पाचऐवजी पंधरा वर्षे सांगितली आणि ती लिहिली गेली, तर आजार लपवल्याचा ठपका येतो. चूक असेल तर डॉक्टरांकडून त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. (सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल, तर सिद्ध झालेली फसवणूक वगळता माहिती दडवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही.)

शक्यतो कार्ड किंवा यूपीआयने पैसे भरा. २ लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि ऑनलाइन व्यवहाराचा पुरावा आपोआप राहतो.

क्लेम नाकारला. उपचार घेतले त्या राज्यात जाऊन भांडावे लागेल का?

अजिबात नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार करा, किंवा विमा लोकपालाकडे जा. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे इथे लोकपालांची कार्यालये आहेत. ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात, वकील लागत नाही, फी नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जायचे असते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगातही दाद मागता येते. उपचार ऋषिकेशला झाले असले तरी तक्रार साताऱ्यात चालते.

घरी आल्यावर चालू राहिलेल्या औषधांचे पैसे मिळतात का?

बहुतेक पॉलिसींत डिस्चार्जनंतरचे ६० दिवस आणि दाखल होण्यापूर्वीचे ३० दिवस धरले जातात. काहींत जास्त. त्याच आजाराची औषधे, तपासण्या, फेरतपासणीची फी यांची बिले गावातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जमवून ठेवा आणि मुदत संपल्यावर एकत्र पाठवा. मुख्य क्लेम मात्र त्यासाठी थांबवून ठेवू नका. तो पॉलिसीत दिलेल्या मुदतीत, बहुधा डिस्चार्जपासून १५ ते ३० दिवसांत, दाखल झालाच पाहिजे.